गुजरीतले दहापट भिंग आणि जुनी बेसबॉल कार्डे

कोल्हापुरात गुजरीतल्या सराफी पेढ्यांच्या अधेमध्ये सोनारकामाची हत्यारे विकणारी काही चिंचोळी दुकाने आहेत. त्यांपैकी एका दुकानातून आठ महिन्यांपूर्वी मी १,४५० रुपयांना एक घडीचे भिंग घेतले. त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. धातूच्या कवचावर दहापट आणि १८ मिलिमीटर एवढे दोनच आकडे कोरलेले आहेत. हिरे आणि खडे पारखणारे कारागीर जे भिंग वापरतात तेच हे. मी मात्र ते अमेरिकेतील जुनी बेसबॉल कार्डे (बेसबॉलपटूंचे फोटो छापलेली पुठ्ठ्याची छोटी कार्डे), विशेषतः नवख्या खेळाडूंची ‘रूकी’ कार्डे तपासण्यासाठी वापरतो, आणि कार्डे जमवू पाहणाऱ्याने पहिले कार्ड विकत घेण्याआधी असे भिंग घ्यावे, असे या आठ महिन्यांत माझे ठाम मत झाले आहे.

कार्डे माझ्याकडे आली ती मामेभावाकडून. मामा १९६८ साली नोकरीनिमित्त ओहायो राज्यातील क्लीव्हलँडला गेले आणि तिथेच स्थायिक झाले. मामेभावाचे बालपण १९७०च्या दशकातले. शाळेतून येताना तो टॉप्स कंपनीची मेणकागदातली पाकिटे घेई, ज्यांत बेसबॉलपटूंची कार्डे आणि च्युइंगमची एक कडक गुलाबी पट्टी असे. गेल्या वर्षी मामींनी ते घर सोडले, तेव्हा माळ्यावरचा बुटांचा खोका तो बॅगेत घालून कोल्हापुरात घेऊन आला. “दादा, तू जन्मभर छपाईत होतास, यातलं काय ठेवण्यासारखं आहे ते तूच बघ,” असे म्हणून त्याने तो माझ्यापुढे ठेवला. शिवाजी उद्यमनगरात मी एकतीस वर्षे ऑफसेट मशीन चालवले आहे. बेसबॉल मी नंतर शिकलो. परंतु कार्ड हे शेवटी छापील काम आहे, आणि छापील काम कसे वाचायचे हे मला आधीपासून ठाऊक होते.

रूकी कार्ड म्हणजे नवख्या खेळाडूचे, मोठ्या साखळीत, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, आल्यावर निघालेले पहिले कार्ड. खासबागेतल्या कुस्त्यांची हँडबिले मी वर्षानुवर्षे छापली. त्यांत बड्या जोडीची नावे ठसठशीत टाइपात वर असत आणि नव्या पोरांची नावे तळाशी बारीक टाइपात. पुढे त्या पोरांपैकी एखाद्याचे नाव गाजले, की ते जुने हँडबिल जपून ठेवलेल्या माणसाला त्याचे मोल कळते. बेसबॉलमध्येही तसेच आहे. १९७३ च्या टॉप्स संचातील ६१५ क्रमांकाच्या कार्डावर माइक श्मिट आणखी दोन नवख्यांबरोबर दिसतो, तर १९६३ च्या ५३७ क्रमांकाच्या कार्डावर पीट रोझ चौघांमधला एक आहे. मात्र ‘पहिले’ या शब्दाबाबत सावध राहावे लागते. मिकी मँटलचे १९५२ चे टॉप्स कार्ड, क्रमांक ३११, ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेले आणि त्यामुळे अनेक जण त्यालाच त्याचे रूकी कार्ड समजतात. वास्तविक त्याचे रूकी कार्ड आदल्या वर्षीचे, बोमन कंपनीचे २५३ क्रमांकाचे आहे. १९५२ च्या कार्डाचे मोल वाढण्यामागे, मँटलच्या कीर्तीखेरीज, आणखी एक कारण आहे. ते त्या वर्षीच्या शेवटच्या, कमी खपलेल्या मालिकेतले होते, आणि न खपलेला माल टॉप्सने १९६० मध्ये अटलांटिक महासागरात नेऊन बुडवला. छापखान्यातल्या माणसाच्या पोटात हे वाचून कालवते. गोदामात जागा अडते एवढ्याच कारणाने किती चांगली छपाई वाया जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले असते.

आता भिंगाविषयी. याआधी मी रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून १८० रुपयांचे भिंग घेतले होते, ज्यावर तीसपट असे लिहिलेले होते. ते तीसपट मुळीच नव्हते, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यातून केवळ मधला भाग स्पष्ट दिसे. कडेला सरळ रेघ कमानीसारखी वाके आणि काळ्या अक्षराच्या एका अंगाला निळसर, दुसऱ्या अंगाला तांबूस झालर दिसे. रंगीत छपाई तपासताना अशा भिंगाने दिशाभूल होते, कारण जी झालर भिंगाची आहे ती पाहणारा रजिस्टर हलल्याची, म्हणजे छपाईत रंग एकमेकांवर नेमके न बसल्याची, खूण समजून बसतो. गुजरीतल्या भिंगात तीन काचा एकमेकींना चिकटवून एक केलेल्या आहेत, त्यामुळे रेघ जवळजवळ कडेपर्यंत सरळ राहते आणि रंग फुटत नाहीत. दुकानात ते ‘तीन काचांचे’ म्हणूनच मागावे लागते. नुसते दहापट मागितले तर एका काचेचेही पुढे ठेवले जाते.

धरायचे कसे, हे दुकानातल्या काकांनी शिकवले. मी भिंग कार्डाजवळ धरून वरून वाकून पाहत होतो. ते म्हणाले, “असं न्हवं साहेब. भिंग डोळ्याला लावा आणि वस्तू भिंगाकडं आणा. दुसरा डोळा उघडाच ठेवायचा, मिटला की दमतोय.” त्याप्रमाणे केले तेव्हा कार्ड भिंगापासून साधारण अडीच सेंटिमीटरवर आले आणि एकदम लख्ख झाले. दोन्ही हातांची बोटे एकमेकांना टेकवली की कार्ड थरथरत नाही. पहिला आठवडा डोळ्यावर ताण आला. त्यानंतर खिडकीशी, डाव्या बाजूने येणाऱ्या उजेडात, तासभर सलग पाहूनही काही त्रास झाला नाही.

भिंगाचे सर्वांत मोठे काम आहे खरेखोटे ओळखण्याचे. १९५० ते १९८० या काळातली ही कार्डे मुख्यतः चार रंगांत छापलेली आहेत: पिवळा, मॅजेंटा, सायन आणि काळा. फोटोचा भाग स्क्रीनमधून जातो, म्हणजे तो बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो, आणि प्रत्येक रंगाची स्क्रीन वेगळ्या कोनात फिरवलेली असल्यामुळे ते ठिपके मिळून लहान लहान फुलांसारखी नक्षी तयार होते. नावाची काळी अक्षरे किंवा १९७५ च्या कार्डावर फोटोवर छापलेली खेळाडूची सही ठिपक्यांत फोडलेली नसते. ते लाइनचे काम असते, सलग शाईचे. नक्कल करणारा मूळ कार्डाचा फोटो काढतो किंवा ते स्कॅन करतो आणि अख्खे कार्ड नव्याने ठिपक्यांत फोडून छापतो. मग अक्षरेही ठिपक्यांची होतात, त्यांच्या कडा दातेरी दिसतात, काळ्यात पिवळा, लाल आणि निळा मिसळलेला आढळतो, आणि फोटोच्या भागात जुन्या ठिपक्यांवर नवे ठिपके बसल्यामुळे पाण्यावरच्या तरंगांसारखी जाळी उमटू शकते. छापील चित्र आणून ‘यावरूनच छापा’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे आम्ही मूळ फोटो मागत असू तो याच जाळीच्या भीतीने.

हे सारे माहीत असूनही मी एकदा फसलो, कारण त्या वेळी हाती चांगले भिंग नव्हते. खोका आल्यानंतरच्या उत्साहात इंटरनेटवरच्या एका विक्रेत्याकडून मी नोलन रायनचे १९६८ चे टॉप्स कार्ड मागवले, क्रमांक १७७, ज्यावर तो जेरी कूझमनबरोबर आहे आणि ज्याची चौकट गोणपाटाच्या विणीसारखी आहे. कोपरे झिजलेले आणि मधोमध घडी पडलेली असल्यामुळे किंमत उतरवल्याचे विक्रेत्याने लिहिले होते. ती उतरलेली किंमतही माझ्या खिशाला जाणवण्याइतकी होती. कार्ड आले, छान वाटले, मामेभावाने फोनवर अभिनंदनही केले. चार महिन्यांनी हे भिंग घरी आणले आणि पहिल्याच दिवशी ते कार्ड त्याखाली धरले, तर दोन्ही खेळाडूंच्या नावांची अक्षरे ठिपक्यांची निघाली. चौकटीतल्या विणीचे धागे एकमेकांत विरघळले होते. कड पाहिली तर पुठ्ठ्याचा गाभा नव्या वहीसारखा पांढराशुभ्र होता, आणि घडीच्या भेगेतूनही तसाच पांढरा तंतू डोकावत होता. पन्नास वर्षांची झीज कुणीतरी सँडपेपरने एका दुपारी आणली होती. विक्रेत्याने पत्राला उत्तर दिले नाही आणि परताव्याची मुदत उलटून गेली होती. मला पैशांपेक्षा त्या झिजवलेल्या कोपऱ्यांचा जास्त राग आला, कारण झीज हा जुन्या कागदाचा खरेपणा असतो आणि इथे तोच बनवलेला होता. त्या कार्डाच्या मागे मी पक्क्या शाईने ‘नक्कल’ असे लिहिले असून ते भिंगाच्या डबीशेजारी ठेवले आहे. खोटे कसे दिसते हे दाखवायला त्याच्याइतका चांगला नमुना माझ्याकडे दुसरा नाही.

या अनुभवातून लागलेली एक सवय प्रत्येक संग्राहकाला सांगावीशी वाटते. त्याच वर्षाचे, त्याच कंपनीचे एक साधे, कुणालाही नको असलेले कार्ड जवळ ठेवावे आणि मोलाचे कार्ड नेहमी त्याच्या शेजारी धरून पाहावे. अनोळखी खेळाडूच्या कार्डाची नक्कल सहसा कुणी करत नाही, म्हणून ते बहुधा खरे असते; पुठ्ठ्याचा रंग, ठिपक्यांचा आकार, मागच्या बाजूची शाई आणि कडेचा काप यांची तुलना त्याच्याशी करता येते. मामेभावाच्या खोक्यात अशी शेकडो कार्डे आहेत, आणि ती त्या खोक्यातली मला सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू आहे.

खऱ्या कार्डाचीही किंमत ठरते ती त्याच्या प्रतीवर. जगभर ही प्रत १ ते १० अशी मोजतात. कॅलिफोर्नियातील पीएसए ही कंपनी १९९१ पासून कार्डे तपासून, त्यांना श्रेणी देऊन, प्लास्टिकच्या सीलबंद कवचात परत पाठवते. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र कितपत मधोमध छापले आहे, या चार गोष्टी पाहिल्या जातात, आणि जुन्या रूकी कार्डांच्या बाबतीत आठ आणि नऊ किंवा नऊ आणि दहा या श्रेणींमधला किमतीचा फरक कित्येक पटींचा असू शकतो. कोल्हापुरातून कार्ड पाठवायचे तर तपासणीचे शुल्क, येण्याजाण्याचा टपालखर्च आणि विमा यांचा हिशेब होतो, म्हणून पाठवण्यासारखे कोणते आणि घरीच ठेवण्यासारखे कोणते, हे आधी आपल्याला कळले पाहिजे. इथे भिंगाचे पैसे वसूल होतात.

खोक्यात १९७५ च्या संचातले जॉर्ज ब्रेटचे रूकी कार्ड निघाले, क्रमांक २२८. त्या वर्षीच्या कार्डांची चौकट दोन रंगांची आहे, आणि रंगीत चौकट झीज लपू देत नाही. शाईचा कणभर टवका उडाला तरी खालचा पुठ्ठा उघडा पडतो. साध्या डोळ्यांना त्याचे चारही कोपरे टोकदार दिसत होते, आणि मी मनातल्या मनात त्याला आठची श्रेणी देऊन मोकळा झालो होतो. भिंगाखाली तीन कोपरे खरोखरच धरून होते. चौथ्यावर मात्र कागदाचे थर एकमेकांपासून सुटून पिंजलेल्या कापसासारखे झाले होते, आणि दोन्ही लांब कडांच्या बरोबर मध्यावर, समोरासमोर, शाई दबून तुटलेली बारीक खाच होती. एकाच उंचीवर दोन्ही बाजूंना खाच का असावी, हे मला कळेना. मामेभावाला विचारले तेव्हा तो म्हणाला की चांगली कार्डे तो वेगळी गड्डी करून रबरबँडने बांधून ठेवत असे. ब्रेटची श्रेणी माझ्या अंदाजाने सहाच्या आसपास येईल. ते तपासणीला पाठवायचे नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले.

डेनिस एकर्स्लीचे १९७६ चे कार्ड, क्रमांक ९८, मामेभावाला सर्वांत प्रिय आहे, कारण एकर्स्ली त्या काळी क्लीव्हलँडकडूनच खेळत होता. त्या कार्डाच्या पाठीवर एक तेलकट डाग आहे, जो मी आधी बोटांचा समजलो. भिंगाखाली तो डाग पृष्ठभागावर थर धरून बसलेला, किंचित चकाकणारा दिसला आणि त्याची एक कड सरळ रेषेत संपत होती. पाकीट गरम करून चिकटवताना मेणकागदातले मेण शेवटच्या कार्डाच्या पाठीवर उतरे, त्याची ही खूण आहे. हा दोष असल्यामुळे श्रेणी कमी होते. परंतु ते कार्ड पाकिटात सर्वांत शेवटी होते, एवढी माहिती त्या डागाने पन्नास वर्षे सांभाळली आहे. मी तो पुसणार नाही.

चित्र मधोमध आहे का, हे पाहायला भिंगाची गरज नाही. स्टीलची पट्टी पुरते. ओझी स्मिथचे १९७९ चे रूकी कार्ड, क्रमांक ११६, नीट मधोमध छापलेले मिळणे अवघड म्हणून प्रसिद्धच आहे. आमच्या प्रतीची डावी चौकट तीन मिलिमीटर आणि उजवी एक मिलिमीटर भरली, म्हणजे ७५ ला २५.

पट्टीचा दुसरा उपयोग अधिक गंभीर आहे. १९५७ पासून टॉप्सची कार्डे अडीच बाय साडेतीन इंचांची, म्हणजे सुमारे ६३.५ बाय ८८.९ मिलिमीटरची आहेत. झिजलेली कड धारदार कापून कार्ड नवे भासवण्याचा प्रकार या व्यवहारात जुना आहे. त्यातले सर्वांत गाजलेले उदाहरण होनस वॅग्नरच्या कार्डाचे आहे. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून आलेले हे कार्ड अत्यंत दुर्मीळ. त्याची सर्वांत देखणी समजली जाणारी प्रत पीएसएने तपासलेले पहिले कार्ड ठरली, तिला आठची श्रेणी मिळाली आणि २००७ मध्ये ती २८ लाख डॉलरला विकली गेली. पुढे २०१३ मध्ये लिलाव व्यावसायिक बिल मास्ट्रो यांनी त्या कार्डाच्या कडा आपण कापल्याचे न्यायालयात कबूल केले. श्रेणी देणाऱ्या कंपनीचे प्रमाणपत्र उपयोगी असते, पण आपला डोळा त्याच्या बरोबरीने वापरावा, असे मी म्हणतो ते यामुळे. मूळ कापात कागदाचे तंतू एका दिशेने दबलेले आणि काळाने मळलेले दिसतात. नव्या कापाची कड शेजारच्या कडांपेक्षा उजळ, गुळगुळीत, कधी किंचित लाटेसारखी असते. आमच्या कटिंग मशीनचे पाते बोथट झाले की जो फरक गठ्ठ्याच्या कडेवर दिसे तोच इथे दहापट मोठा होऊन दिसतो.

भिंगाला काही गोष्टी जमत नाहीत आणि त्या लपवून उपयोग नाही. पृष्ठभागावरची दबलेली, शाई न तुटलेली घडी भिंगात हरवते. तिच्यासाठी कार्ड तिरप्या उजेडात फिरवून पाहावे लागते. महायुद्धापूर्वीच्या म्हणून सांगितलेल्या कार्डासाठी नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा दिवा अधिक कामाचा आहे, कारण कागद उजळ दिसावा म्हणून घातली जाणारी रसायने १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून रुळली, आणि ती असलेला कागद त्या दिव्याखाली निळसर पांढरा पेटतो. किंमत तर कोणतेही भिंग सांगत नाही. ती ठरवताना मी विक्रेत्याने मागितलेला आकडा मोजत नाही, तर त्याच श्रेणीचे तेच कार्ड अलीकडे प्रत्यक्ष कितीला विकले गेले ते पाहतो, आणि निदान चार-पाच व्यवहार पाहिल्याशिवाय मत बनवत नाही.

वस्तू म्हणून या भिंगात दोन उणिवा आहेत. कवचाचा धातू उघडा असल्यामुळे कार्डाला त्याचा ओरखडा उठू शकतो. मी कवचाच्या कडेला पातळ मखमलीची पट्टी चिकटवली आहे. दुसरे म्हणजे घडीचा स्क्रू सैल होतो आणि भिंग ऐन वेळी कलते. पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते: कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते आणि कार्डेही वाकतात, म्हणून दोन्ही मी सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. कार्डांसाठी पीव्हीसीचे अल्बम वापरू नयेत. पॉलिप्रॉपिलीनचे कव्हर महाग पडत नाही आणि ते कागदाला चिकटत नाही.

भिंग घ्यायला जाताना खिशात आलेख कागदाचा एक तुकडा आणि रंगीत फोटो असलेले वर्तमानपत्राचे पान न्यावे. आलेखाच्या रेघा भिंगाच्या कडेपर्यंत सरळ राहतात का आणि वर्तमानपत्रातल्या काळ्या अक्षराला रंगीत झालर येते का, हे दुकानातच दोन मिनिटांत कळते. सैल झालेला स्क्रू काका पैसे न घेता आवळून देतात. त्यासाठी मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला ब्रेटचे कार्ड सोबत होते. मी काहीही न सांगता त्यांच्या हातात दिले. त्यांनी माझेच भिंग डोळ्याला लावले, चारही कोपरे एकेक करून फिरवले आणि चौथ्यावर थांबले. “हितं पिंजलंय,” एवढेच म्हणून त्यांनी कार्ड कडांना धरून, समोर बोटाचा स्पर्श न होऊ देता, मला परत दिले.